डॉक्टरांच्या बायकोचा नंबर

“नंबर द्या, बाबूराव.”

बाबूराव कंपाउंडर पुड्या बांधत होते. त्यांनी मान वर केली, मला बघितलं आणि हातातली पुडी अर्धवट सोडून उठायलाच लागले.

“वहिनी, नंबर कशाला? आत जावा की थेट. सांगू का साहेबांना?”

“सांगू नका. नंबर द्या.”

“अवो, पण तुम्ही...”

“माझ्यामागून आलेला माणूस माझ्यापुढं जाणार नाही, एवढंच बघा.”

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मग खोक्यातून पत्र्याचा एक बिल्ला काढला आणि माझ्या हातावर ठेवताना हळूच म्हणाले, “बरं वाटत नाही का?”

“मी बरी आहे,” मी म्हणाले आणि बायकांच्या बाकावर जाऊन बसले.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची, तासगावातली. दवाखाना माझ्या नवऱ्याचा, डॉ. भरतेश मगदूम यांचा. सगळा तालुका त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायचा आणि लग्नानंतर दोन-चार वर्षांत मीही तसंच म्हणायला लागले होते. घर तिथून चालत पाच मिनिटांवर. घरात सासूबाई, ज्यांना आम्ही आक्का म्हणायचो, आणि नऊ वर्षांची आमची प्रज्ञा. दहा वर्षांत मी दवाखान्यात डबा द्यायला आले होते, किल्ली द्यायला आले होते. पेशंटांच्या बाकावर कधी बसले नव्हते.

तीन दिवसांपूर्वी कोल्हापूरहून मला एक फोन आला होता. त्याचं उत्तर आज संध्याकाळी सातच्या आत द्यायचं होतं. त्याआधी मला डॉक्टरांशी बोलायचं होतं. निवांत, समोरासमोर, एकदाच.

फोन आला त्या रात्री ताट वाढल्यावर मी म्हणाले, “मला जरा बोलायचंय.” ते “बोल ना” म्हणाले. मी आमटी वाढायला वळले आणि परत बघते तर त्यांची मान छातीवर पडलेली, घास हातात तसाच. उठवून हात धुवायला लावले, झोपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करत असताना गाठलं. गालाला फेस लावलेला, म्हणाले, “सांग पटकन.” पटकन सांगण्यासारखं ते नव्हतं. तरी मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाली जीप थांबली. सावळजला कुणाला तरी छातीत दुखत होतं. अर्धी दाढी तशीच पुसून गेले.

तिसऱ्या दिवशी मी तक्त्यावर भरवसा ठेवला.

त्या तक्त्याचं सांगायला हवं. डॉक्टरांच्या संघटनेनं सांगलीत वेळेच्या नियोजनावर एक व्याख्यान ठेवलं होतं. तिथून आल्यावर डॉक्टरांनी अख्खा रविवार बसून रंगीत पेनांनी दिवसाचा तक्ता केला आणि कपाटाच्या दारावर चिकटवला. व्यायाम, वाचन, ओपीडी, व्हिजिट. रात्री साडेआठच्या पुढं हिरव्या शाईत एकच शब्द होता, ‘कुटुंब’. प्रज्ञानं तो शब्द मोठ्यानं वाचला होता आणि विचारलं होतं, “म्हणजे आपणच ना?”

त्यांनी ते मनापासून लिहिलं होतं. डॉक्टर ‘उद्या नक्की’ म्हणत तेव्हा खोटं बोलत नसत. त्या क्षणी त्यांना उद्याच म्हणायचं असे.

तर तिसऱ्या रात्री साडेआठला मी आणि प्रज्ञा हिरव्या शाईप्रमाणे बैठकीत बसलो. प्रज्ञा वाट बघून झोपली. आक्का तर दिवस मावळायच्या आत जेवून मोकळ्या झालेल्या. माहेरी मीही तसंच जेवायची, आम्हा जैनांच्या घरी ती रीतच. इथं मात्र डॉक्टरांसाठी थांबायचं, म्हणून दहा वर्षांत ती सुटली होती. ते आले, म्हणाले, “आज फार झालं गं. उद्या नक्की.”

आणि आता ‘उद्या’ आला होता, आणि मी बाकावर बसले होते.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. खोलीत औषधाचा, घामाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. माझ्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. ती मघापासून मला न्याहाळत होती.

“डॉक्टरीणबाई न्हवं तुम्ही?”

“हो.”

“मग हितं वं कशाला बसलायसा?”

“डॉक्टरांना भेटायचंय.”

“घरी गावत न्हाईत व्हय?”

सगळा बाक हसला. मीही हसले. हसता हसता डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. समोरच्या बाकावरची एक बाई दुसरीच्या कानाशी लागली, “दिस गेलं असतील.” दुसरी म्हणाली, “मग नंबर कशाला लावंल बया?” यावर दोघी विचारात पडल्या.

दोन-तीन जणांनी उठून मला पुढं जायला सांगितलं. मी नाही म्हणाले. एका शिक्षकांनी तर आपला बिल्लाच माझ्यापुढं धरला. मी हात जोडले. का कुणास ठाऊक, पण त्या दिवशी मला रांगेतूनच जायचं होतं. बायको म्हणून आत गेले असते तर पुन्हा ‘घरी बोलू’च झालं असतं.

बसवत मात्र नव्हतं. पाय सारखा हलत होता. घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवायची आणि लगेच बघायची. प्रत्येक वेळी आतली घंटा वाजली, पडदा हलला की वाटायचं, चला, एक कमी झाला. कुणाला खोकला, कुणाचं पोर तापानं फणफणलेलं. रांग सरकत होती. सहापर्यंत नक्की नंबर लागेल, असा मी हिशेब केला.

मग माझ्या आधीचे शेवटचे, तात्या साळुंखे आत गेले.

तात्या म्हणजे दूध संघातलं बडं प्रस्थ. प्रकृती ठणठणीत. पण आठवड्यातून एकदा ब्लडप्रेशर बघून घ्यायचे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं चहावाल्या पोऱ्याला हाक गेली. मग निवडणूक सुरू झाली. कोण कुणाला पाडणार, कुणाचा अर्ज उडाला. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं. बाहेर तापलेलं पोर रडून रडून आईच्या खांद्यावर निजलं.

आणि डॉक्टर हसले.

मोठ्यानं, मान मागं टाकून हसतात तसे. मला ते दिसत नव्हते, पण आवाजावरून कळत होतं. लग्न नवीन असताना ते असे हसायचे. त्यांना असं हसताना मी शेवटचं कधी ऐकलं होतं, ते मला काही केल्या आठवेना. मी बिल्ला इतका घट्ट धरला होता की त्याची कड तळव्यात रुतली.

तोपर्यंत मला त्यांची दया येत होती. बिचारे, त्यांना वेळच मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. आईला, बहिणीला, प्रज्ञाला. आता माझ्यापुढं पडद्याआड वेळ बसला होता, चहा पीत होता, हसत होता. मी उठले. घरी जावं, नाही तर आत घुसून चहाचा कप फेकून द्यावा, दोन्ही मनात आलं. बाबूराव माझ्याकडंच बघत होते. ते कानकोंडे होऊन म्हणाले, “आत्ता उठतील तात्या.”

तेवढ्यात बाहेर रिक्षा कचकन थांबली.

दोन माणसांनी एका बाईला उचलून आत आणलं. चाळिशीची असेल. शेंगा उपटताना हाताला विंचू चावला होता. लाल, डोंगरातला. ती घामानं निथळत होती, ओठ पांढरे पडलेले, छाती भात्यासारखी चाललेली. माणसं टेकायला जागा शोधत होती. मी जवळ होते म्हणून तिनं माझाच हात पकडला. “बाई, माजी लेकरं,” एवढंच म्हणत राहिली.

बाबूरावांनी आत हाक मारायच्या आधीच डॉक्टर पडदा सारून बाहेर आले. त्यांनी मला बघितलंही नाही. म्हणजे बघितलं, पण त्या बाईचा हात धरलेली कुणीतरी एवढंच. “धरून ठेवा. आत घ्या. बाबूराव, सलाईन.” तात्या साळुंखे कप हातात घेऊनच भिंतीला चिकटले.

टेबलावर तिला झोपवलं. तिनं माझा हात सोडला नाही, त्यामुळं मी तिथंच उभी. डॉक्टर तिच्यावर वाकले. आवाज इतका खाली की खोलीतली सगळी गडबडच खाली आली. “नाव काय तुझं? सुशीला? सुशीला, इकडं बघ. मी आहे इथं. मी कुठं जाणार नाही.” नाडीवर बोटं, डोळे तिच्या चेहऱ्यावर. त्या वेळी त्यांच्यासाठी जगात दुसरं काही नव्हतं. घाई नव्हती. घड्याळ नव्हतं. औषध लागू पडायला लागलं, श्वास हळूहळू खाली आला, हातातली तिची पकड सैल झाली, तोवर ते तिच्या उशाशीच होते.

मी त्यांच्यावर रागावलेली होते आणि त्याच वेळी मला त्यांचा अभिमान वाटत होता. दोन्ही एकदम वाटायला लागलं की माणसाला कुठं उभं राहावं ते कळत नाही.

बाई डोळे मिटून पडली. तिला उचलून बाजूच्या खोलीत नेलं, तिची माणसं तिच्याजवळ बसली; तात्या कप टेबलावर ठेवून कधीच निघून गेले होते. डॉक्टरांनी हात धुतले, टॉवेल घेतला आणि मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

“तू? तू कधी आलीस? काय झालं? आक्का बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत. माझा नंबर आहे.” मी बिल्ला टेबलावर ठेवला आणि पेशंटच्या स्टुलावर बसले.

ते बिल्ल्याकडं बघत राहिले. मग सवयीनं माझं मनगट हातात घेतलं. “नाडी जोरात आहे. काय होतंय तुला?”

“मला कारखानीस मॅडमचा फोन आला होता. माझ्या एम.एस्सी.च्या मॅडम. त्या राधानगरीकडच्या सड्यांवरच्या, डोंगरमाथ्यावरच्या त्या सपाट कातळांवरच्या, गवतांची पाहणी करणार आहेत. दीड महिना. त्यांना गवतं ओळखणारं माणूस हवंय. त्यांनी मला विचारलंय.”

“गवतं?” ते म्हणाले. “अगं, मग हे घरी...”

“घरी तीन दिवस सांगतेय.”

“मान्य. चुकलंच माझं. आज रात्री निवांत बोलू. नक्की.”

“मॅडम सात वाजता घरातून निघणार. त्याआधी कळवायचंय. नाही तर त्या दुसऱ्या मुलीला घेणार.”

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मी बघितलं नाही. माझ्या अंगात घड्याळच शिरलं होतं.

“दीड महिना म्हणजे,” ते टॉवेलाची घडी घालत म्हणाले, “प्रज्ञाची शाळा आहे. आक्कांचं वय झालंय. आणि दहा वर्षांनी तुला हे जमेल का, याचाही विचार करायला पाहिजे. घाईत ठरवू नये असं.”

“मी दहा वर्षं घाई केली नाही.”

पडद्यातून बाबूरावांनी डोकं आत घातलं. “साहेब, पुढचा सोडू?”

“सोड,” डॉक्टर म्हणाले. तोंडातून आपोआप निघालं ते.

मी उठले नाही. टेबलावरचा फोन पुढं ओढला. डॉक्टरांनी पटकन रिसीव्हरवर हात ठेवला. जोरात नाही, पण ठेवला.

“थांब, त्रिशला. एक मिनिट थांब.”

पडद्यापाशी आलेला पेशंट तिथंच घुटमळला. बाबूरावांनी त्याला दंडाला धरून मागं घेतलं.

“मी सकाळी आक्कांना विचारलं,” मी म्हणाले.

“काय म्हणाल्या?”

मला ते सांगायचं नव्हतं. सकाळी ऐकलं तेव्हा मलाच ते झोंबलं होतं. पण त्यांचा हात फोनवर होता.

“आक्का म्हणाल्या, तू जा की. तो घरात असतोय कवा, तू गेल्याली त्याला कळायला?”

बाजूच्या खोलीत सुशीला कण्हली आणि तिच्या माणसानं तिला काहीतरी विचारलं. टेबलाच्या कोपऱ्यावर तात्यांचा चहा थंड होऊन त्यावर साय धरली होती. डॉक्टरांनी हात कधी उचलला ते माझ्या लक्षात आलं नाही. बघितलं तेव्हा रिसीव्हर मोकळा होता.

मी नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा घाईत चुकीचाच आकडा फिरला. डॉक्टर समोर बसून हे बघत होते. त्यांनी हात पुढं केला आणि मला वाटलं, फोन काढून घेतात की काय. “नंबर सांग,” ते म्हणाले. मी एकेक आकडा सांगत गेले आणि त्यांनी तो फिरवला. घंटा वाजायला लागल्यावर रिसीव्हर माझ्याकडं दिला.

“कोण, त्रिशला?” मॅडमचा आवाज आला. “मी पायात चपला घातल्या होत्या गं. काय ठरलं? विचारलंस घरी?”

मी समोर बघितलं. डॉक्टर खिडकीकडं तोंड करून बसले होते.

“येतेय मी, मॅडम,” मी म्हणाले. “सोमवारी सकाळी येते.”

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी एकेक काळजी मोठ्यानंच मोजायला लागले. प्रज्ञाची वेणी कोण घालेल, आक्कांच्या गुडघ्याला तेल कोण लावेल, सड्यावर उभी राहिले आणि एकही गवत ओळखू आलं नाही तर? डॉक्टर म्हणाले, “वेणी घालता येते मला. आक्कांनी शिकवली होती, बहिणीसाठी.” मला हे माहीत नव्हतं. दहा वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

मग त्यांनी घंटा वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला.

मी गेले. पुढं त्या पाहणीतूनच मला कॉलेजातली नोकरी मिळाली, बावीस वर्षं शिकवलं. दवाखाना त्यानंतर वेळेवर बंद व्हायला लागला असं सांगितलं तर खोटं होईल. काही आठवडे झाला, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. फरक पडला तो माझ्यात. मी कुणासाठी जेवायची थांबले नाही. संध्याकाळचे दोन तास मी माझ्या टेबलाशी बसायची आणि दाराला आतून कडी असायची. सुरुवातीला त्या कडीकडं घरातले सगळे, मीसुद्धा, चोरट्या नजरेनं बघायचो. हळूहळू नजर मेली.

पण मला आठवतो तो सड्यावरचा तिसरा रविवार.

डॉक्टर दवाखाना बंद ठेवून प्रज्ञाला घेऊन मला भेटायला आले होते. मी गुडघे टेकून दोरीनं आखलेल्या एका चौकटीतली गवतं मोजत होते. वारा इतका की कागद पायाखाली धरायला लागत होते. प्रज्ञा येऊन गळ्यात पडली आणि मग मॅडमबरोबर फुलं बघायला पळाली. तिची वेणी एका बाजूला वाकडी होती.

डॉक्टर शेजारी उभे राहिले. इथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं, कुणी बोलवत नव्हतं. दोन्ही हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. खिशात घातले, काढले, पाठीमागं बांधले.

“किती वेळ लागेल तुला?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. आणि वर बघितलंसुद्धा नाही.

ते जरा फिरून आले. एका खडकावर बसले. उठले. पुन्हा आले. मी तिथंच होते.

“एवढं काय बघतेस त्यात?”

मी एक काडी त्यांच्या तळहातावर ठेवली. बोटाएवढं गवत, टोकाला जांभळट तुरा. डोळ्यांजवळ नेल्याशिवाय तुऱ्यातले केसही दिसत नव्हते.

“हे कोणतं?”

“तेच कळत नाहीये. नोंद झालेल्यांत बसत नाही. नवीन असेल, नसेलही. पुढच्या वर्षी पुन्हा याच दिवसांत येऊन बघावं लागेल. कदाचित त्याच्या पुढच्या वर्षीही.”

“एवढ्याशा गवताला दोन वर्षं?”

“हो.”

मला वाटलं, ते आता हसतील, नाही तर परतीच्या गाडीचं विचारतील. त्यांनी चष्मा काढला, काडी डोळ्यांशी नेली आणि तिच्याकडं बघत राहिले. वाऱ्यानं ती उडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा केला. मग माझ्या शेजारी, त्या ओल्या दगडावर, पँट खराब होईल याचाही विचार न करता, मांडी घालून बसले.

“कुठं कुठं बघायचं ते सांग,” ते म्हणाले.